वॉकओव्हरवाले सर

फुटबॉलच्या टीममध्ये किती खेळाडू असतात, असं आमच्या सरांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी न अडखळता सांगितलं असतं, अठरा. कारण फॉर्मवर अठरा रकाने होते. त्यातल्या अकराच जणी मैदानात उतरतात हे त्यांना सीझनच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं, आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. "मग उरलेल्या सात जणींचे तीन-तीन फोटो कशाला मागतात हे लोक?" असं ते बराच वेळ म्हणत होते.

आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात मुलींची टीम म्हणजे मला धरून मोजून अकरा. पण रिकामा रकाना म्हणजे संशयाला जागा, असं सरांचं मत. त्यामुळे उरलेल्या सात जागा त्यांनी आपल्या पद्धतीने भरल्या. एनएसएसच्या दोघी, हजेरी उत्तम म्हणून लायब्ररीत बसणाऱ्या तिघी, सरांच्या वर्गातली पहिल्या बाकावरची एक, आणि कॅरमची कॉलेज चॅम्पियन. ती बिचारी हात जोडून म्हणाली, "सर, मला बॉलला पाय लावता येत नाही हो."

"तुम्हाला कोण लावायला सांगतंय? तुम्ही फक्त मेडिकल सर्टिफिकेट आणा," सर म्हणाले.

सर सगळ्या विद्यार्थ्यांना अहो-जाहो करायचे. नव्या मुलांना वाटायचं, काय मान देतात. मान वगैरे काही नव्हता, पत्रव्यवहाराची सवय होती. शिकवायचे बिझनेस लॉ. कॉलेजच्या पात्रता समितीचे प्रमुखही तेच, म्हणजे बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांचे दाखले तपासून विद्यापीठाकडे पाठवायचं काम त्यांच्याकडे. आता अशा माणसाकडे फुटबॉल कसा आला? तर खेळाचे सर रिटायर झाले, त्यांची जागा भरायला परवानगी मिळेना, आणि प्राचार्यांनी टाइमटेबल उघडून बघितलं तेव्हा गुरुवारी दुपारी रिकामे असे हे एकटेच सापडले. गुरुवारऐवजी बुधवार दुपार निघाली असती तर आम्हाला मानसशास्त्राच्या मॅडम मिळाल्या असत्या. आमच्या टीमला त्यांची जास्त गरज होती.

जिमखान्याचा ताबा घेतल्यावर सरांनी पहिलं काम काय केलं, तर सगळ्या फुटबॉलवर ऑइल पेंटने डेडस्टॉक रजिस्टरमधले नंबर घातले. पहिल्या दिवशी पेंट नीट वाळला नव्हता. आमची गोलकीपर रेश्मा, भोपरची, तिने एक उंच बॉल डोक्याने बाहेर काढला आणि अर्धा दिवस कपाळावर जिमखान्याचा नंबर घेऊन वर्गात बसली. सरांना सांगितलं तर म्हणाले, "उलटा उमटला असेल. तो ग्राह्य नाही."

खांद्याला एक तपकिरी रेक्झिनची बॅग असायची. तिच्यात पंच मशीन, डिंकाची बाटली, इंकपॅड, कॉलेजचा गोल शिक्का आणि नियमांचं पुस्तक. खोडायची पांढरी शाई मात्र नाही. "खाडाखोड म्हणजे कबुली," म्हणायचे. त्यांचं दुसरं आवडतं वाक्य होतं, "आधी सही, मग शिट्टी." आणि तिसरं, जे पुढे आमच्या गळ्यात पडलं, "मैदानावर नशीब लागतं हो. टेबलावर फक्त फाईल लागते."

एकदा सह्यांसाठी त्यांच्या घरी गेलो होतो, डोंबिवली पूर्वेला. काकूंनी पोहे दिले. फ्रिजमधल्या दह्याच्या डब्यालासुद्धा तारखेची चिठ्ठी होती. रेश्माने ती वाचली आणि तिला हसू आवरेना. काकू म्हणाल्या, "हसतेस काय गं? आमच्या लग्नाचा फॉर्म लग्नाच्या आठ दिवस आधी भरून तयार होता. मुलगी बघायला आले तेव्हा माझा शाळा सोडल्याचा दाखला मागितला होता यांनी." सर आतून म्हणाले, "प्रत. मूळ नव्हता मागितला." त्यांच्या दृष्टीने तो त्यांचा मोठेपणा होता.

आता माझं सांगते, कारण माझ्याशिवाय सरांची गोष्ट पुरी होत नाही. बाबांची बदली झाली आणि मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला डोंबिवलीत आले. त्याआधीची सगळी वर्षं कोल्हापुरात. तिथे फुटबॉल खेळतेस म्हटल्यावर कुणी "बाई गं" म्हणत नाही, कुठल्या तालमीच्या टीमकडून एवढंच विचारतात. मी भावांबरोबर खेळत मोठी झाले. मला विद्यापीठाच्या टीममध्ये जायचं होतं. बाबा म्हणाले होते, "हे शेवटचं वर्ष. सिलेक्शन झालं तर पुढचं बघू. नाही झालं तर गुपचूप बँकेच्या परीक्षांना बसायचं." त्यात वाईट काही नव्हतं, पण 'गुपचूप' हा शब्द मला टोचला होता. निवड समितीचे लोक फक्त झोनची फायनल आणि त्यापुढच्या मॅचेस बघायला येतात हे मला माहीत होतं. म्हणजे मला फायनलपर्यंत जायचं होतं, आणि तिथे खेळायचं होतं. एवढं साधं गणित.

टीमने मला कॅप्टन केलं, कारण ऑफसाइड म्हणजे काय हे एका दमात सांगू शकणारी मी एकटीच होते.

पहिली मॅच ठाण्याला होती. मैदानाच्या कडेला मांडवाखाली टेबल, टेबलावर हिरवं कापड, मागे स्पर्धेचे संयोजक. दोन्ही कॉलेजांनी आपापल्या फाइली ठेवायच्या, एकमेकांच्या बघायच्या, हरकत असेल तर घ्यायची. इतर कॉलेजांचे सर फाईल ठेवतात, चहा घेतात आणि मैदानाकडे तोंड करून बसतात. आमच्या सरांनी खुर्ची ओढली, मैदानाकडे पाठ केली, चष्मा पुसला आणि समोरच्यांची फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वीस मिनिटं वाचत होते. आम्ही तिकडे पाय मोकळे करतोय, समोरच्या पोरी पाय मोकळे करतायत, रेफ्री घड्याळ बघतोय.

निघालं काय, तर त्यांची आयकार्डं गेल्या वर्षीची. या वर्षीचा शिक्काच नाही.

त्यांचे सर चांगले दणकट होते, आवाजही तसाच. "अहो सर, पोरी समोर उभ्या आहेत की! डोळ्यांनी दिसत नाहीत का तुम्हाला?"

"समोर उभं असणं हा पुरावा नव्हे," आमचे सर शांतपणे म्हणाले. "मीसुद्धा समोर उभा आहे. मी काय सेकंड इयरची मुलगी आहे का?"

संयोजकांनी पुस्तक उघडलं, मिटलं आणि आम्हाला वॉकओव्हर दिला. सर आमच्याकडे आले. "अभिनंदन. आपण जिंकलो."

"सर, आम्ही तर अजून वॉर्मअप करतोय," रेश्मा म्हणाली.

"करा, करा. तब्येतीला चांगलं असतं."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर 'आपल्या संघाचा दणदणीत विजय' अशी पाटी लागली. प्राचार्यांनी मला गुलाबाचं फूल दिलं. मी ते घेतलं, कारण प्राचार्यांना काय सांगणार?

दुसऱ्या मॅचला मात्र मला लाज वाटली. समोरची टीम खडवलीकडची होती. पहाटे उठून टेम्पोने आलेल्या. निम्म्या जणींचे बूट दुसऱ्यांचे असावेत, कारण चालताना टाचा बाहेर येत होत्या. त्यांनी मेडिकल सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स आणल्या होत्या, मूळ कागद खडवलीला कपाटात. त्यांचे सर गयावया करत म्हणाले, "दोन तासात माणूस पाठवून मागवतो. पोरी लई दिवस वाट बघतायत हो." सरांनी घड्याळ बघितलं. नियमात पंधरा मिनिटं होती. पंधरा मिनिटं ते खुर्चीत ताठ बसून राहिले, मग उठले आणि आमचं अभिनंदन करायला आले.

टेम्पोत चढताना त्यांच्यातली एक बारकी मुलगी मला म्हणाली, "दीदी, तुम्ही हरायला घाबरता का?"

मी त्यांच्या टेम्पोचं फळकं वर करायला हात दिला. त्या दिवसापासून झोनमध्ये आमचं नाव झेरॉक्स एफसी पडलं.

परतीच्या वाटेवर मी सरांना गाठलं. "सर, आम्हाला खेळायचंय."

"खेळाल हो, कॅप्टन. वेळ आली की खेळाल."

"कधी येणार वेळ?"

"सगळं व्यवस्थित झालं की." एवढं बोलून त्यांनी बॅगेत डोकं घातलं आणि उगाच काहीतरी शोधत बसले. मला वाटलं, टाळतायत. माणूस फुटबॉलला घाबरतो आणि कबूल करत नाही, असं मी रेश्माला सांगितलं. रेश्मा म्हणाली, "घाबरत नाही यार, त्याला माहीतच नाय फुटबॉल काय असतो ते."

सेमीफायनलला तर समोरची टीम आलीच नाही. एवढ्या लांब येऊन घरी परत जाण्यापेक्षा घरीच बसलेलं बरं, असा त्यांनी विचार केला असावा. आम्ही आनंदी नव्हतो, पण सर सगळ्यात जास्त नाराज होते. त्यांना समोरच्यांची फाईल बघायला मिळाली नाही. ठाण्याच्या एका छोट्या पेपरात आमच्यावर चार ओळी आल्या, 'एकही गोल न खाता अंतिम फेरीत.' यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आता हसू येतं. मी सध्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नवीन लोकांचे कागद तपासायचं काम करते, आणि मूळ प्रत आणा असं म्हणताना माझ्याच तोंडून सरांचा आवाज येतो. पण तेव्हा हसू येत नव्हतं. महिनाभर रोज सकाळी प्रॅक्टिस करायची, घोट्याला पट्ट्या बांधायच्या, आणि मॅचच्या दिवशी एक म्हातारा माणूस आपल्या वतीने पंच मशीन घेऊन लढणार. मला सरांचा राग यायचा, अगदी खराखुरा राग.

फायनल शनिवारी होती, कल्याणच्या एका कॉलेजशी. गुरुवारी दुपारी सरांनी मीटिंग घेतली. आम्हा अकरा जणींना वाटलं, आता तरी काही सांगतील. सरांचा चेहरा फुललेला. "त्यांचे प्राचार्य ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. सगळ्या फॉर्मवर प्रभारी प्राचार्यांची सही आहे. पण प्रभारी प्राचार्यांच्या स्वाक्षरीचा नमुना आणि अधिकारपत्र स्पर्धा समितीकडे दिलेलंच नाही. मी परवा जाऊन बघून आलो. अठराच्या अठरा फॉर्म बाद!" त्या पत्राचा विषय काय हवा होता, किती प्रती हव्या होत्या, तेही त्यांनी सांगितलं, आणि मी सवयीने वहीत लिहून घेतलं. एवढं बोलून त्यांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आता पोरी टाळ्या वाजवणार. कॅरम चॅम्पियनने वाजवल्या. तिच्यावर खेळायची वेळ येणार नव्हती.

मी रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. जिना उतरता उतरताच माझं ठरलं होतं.

आमच्या कॉलेजला मैदान नव्हतं, म्हणून आम्ही प्रॅक्टिसला मोहन्याला जायचो, जुन्या कारखान्याजवळच्या मोकळ्या जागेत. कल्याणच्या टीमच्या काही पोरीही तिथेच यायच्या. त्यांची कॅप्टन स्नेहल मोहन्याचीच, वडील कारखाना बंद पडल्यावर रिक्षा चालवत होते. तिचा डावा पाय असा होता की बघत राहावं. शुक्रवारी सकाळी मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. कुठलं लेटर, कुणाची सही, विषय काय लिहायचा, किती प्रती.

ती बघतच राहिली. "तू का सांगतेस हे? वॉकओव्हर मिळत होता ना तुम्हाला आयता."

"मला खेळायचंय," मी म्हणाले.

"पागल आहेस," ती म्हणाली, आणि बॉल तिथेच टाकून कॉलेजकडे पळाली.

शनिवारी मांडवात गर्दी होती. निवड समितीचे तिघे टोप्या घालून बाजूच्या खुर्च्यांवर बसले होते, त्यांच्या मांडीवर वह्या. मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून सारखी बघत होते. कल्याणच्या मॅडमनी फाईल टेबलावर ठेवली. सरांनी ती सराईतपणे उघडली, एक पान उलटलं, आणि थांबले. अधिकारपत्र होतं. स्वाक्षरीचा नमुना होता. शिक्का, तारीख, जावक क्रमांक, तीन प्रती. सरांनी ते लेटर उजेडाकडे धरून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सुंदर." त्या माणसाने फुटबॉलच्या मैदानावर काढलेला तो पहिला कौतुकाचा शब्द असेल.

मला वाटलं, झालं. आता शिट्टी.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आता तुमची फाईल द्या सर."

सबंध सीझनमध्ये हे कुणी म्हटलंच नव्हतं. सर समोरच्यांना इतका घाम फोडायचे, की आमची फाईल उघडायचं कुणाला सुचतच नसे. सर काही क्षण हात फाइलीवर ठेवून बसले. मग त्यांनी ती पुढे केली. कॅप्टन म्हणून माझा फॉर्म सगळ्यात वर होता.

"ही मुलगी दुसऱ्या विद्यापीठातून आली आहे. मायग्रेशन सर्टिफिकेट कुठेय?"

"मागवलं आहे. अर्जाची पोचपावती जोडली आहे," सर म्हणाले.

"पोचपावती म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. तुम्हीच खडवलीच्या सरांना सांगितलं होतं ना, झेरॉक्स म्हणजे मूळ नव्हे म्हणून?"

माझं मायग्रेशन? मी तर जुलैतच अर्ज दिला होता. ऑफिसातल्या क्लार्कना दोनदा विचारलं होतं. "होऊन जाईल गं, तू खेळ," असं ते म्हणाले होते. मी खेळायला लागले होते. म्हणजे, खेळायची तयारी करायला.

मॅडम तिथेच थांबल्या नाहीत. "अपात्र मुलगी तीन फेऱ्या कॅप्टन म्हणून खेळली. अशा वेळी सगळी टीम बाद होते. आम्हाला वॉकओव्हर द्या."

तेव्हा सर उठून उभे राहिले. मी त्यांना पहिल्यांदाच आवाज चढवताना ऐकलं. "खेळली? कुठे खेळली? एक मॅच दाखवा! वॉकओव्हरमध्ये खेळाडू मैदानात उतरत नाही. शिट्टी नाही, तर मॅच नाही. या मुलीने या सीझनमध्ये बॉलला पाय लावलेला नाही. रेफ्रींचे तिन्ही अहवाल काढा. आज हिला बसवा, बाकीच्या खेळतील. टीम बाद होत नाही!"

संयोजकांनी अहवाल काढले, पुस्तक वाचलं, पुन्हा वाचलं. सरांचं बरोबर होतं. आणि मांडवाच्या बांबूला टेकून उभी असताना मला एकेक करून सगळं कळत गेलं. हा माणूस फुटबॉलला घाबरत नव्हता. मी एक मिनिट जरी मैदानात उतरले असते आणि कुणी फाईल उघडली असती, तर अठराच्या अठरा घरी. म्हणून मला उतरूच द्यायचं नव्हतं. दर वॉकओव्हरबरोबर तो माझ्या कागदासाठी एकेक आठवडा मिळवत होता. आजचाही मिळाला असता. आणि तो मी मोहन्याच्या मैदानावर स्वतःच्या हाताने देऊन आले होते.

माझ्या जागी कॅरम चॅम्पियनला बूट चढवावे लागले. लेस मी बांधून दिली. "मी कुठे उभी राहू?" तिने विचारलं. "बॉल नसेल तिथे," मी म्हणाले. तिने सत्तर मिनिटं ही सूचना तंतोतंत पाळली.

मी सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. समोर आमच्या पोरी अखेर खेळत होत्या. स्नेहलने पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल घातले. दुसऱ्या गोलनंतर तिने मांडवाकडे बघून हात वर केला आणि लगेच खाली घेतला. तिलाही वाईट वाटलं असणार.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला वगळून खेळायचं ना. बाकीच्या खेळल्या असत्या."

"तुम्ही नसलात तर टीम पहिल्या फेरीत हरेल, असं मला सगळ्यांनी सांगितलं. टीम हरली, तर तुमचा कागद येऊन काय उपयोग?"

"मग निदान मला सांगायचं तरी."

मैदानाकडे सरांची पाठच होती. मग बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाले, "तुमचा अर्ज जुलैत माझ्याकडे आला होता. त्यावर फोटो पिन मारून लावला होता. नियमाप्रमाणे चिकटवायचा असतो. मी ऑफिसात परत पाठवला. तेवढ्यात विद्यापीठाकडे पाठवायचा गठ्ठा निघून गेला. पुढचा गठ्ठा गणपतीनंतर गेला."

"एका पिनेसाठी, सर?"

"एका पिनेसाठी." थोड्या वेळाने म्हणाले, "हे कसं सांगणार होतो मी तुम्हाला?"

खरं तर मला तेव्हा भडकायला हवं होतं. महिनाभराचा राग साठलेला होताच. पण हा माणूस एका पिनेची भरपाई करायला तीन कॉलेजांच्या शिव्या खात गावोगाव फाइली वाचत फिरला होता, आणि त्याच्याशेजारी जी बसली होती तिने काय केलं होतं ते मलाच माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

"सर, ते अधिकारपत्र... मीच सांगितलं त्यांना."

"माहीत आहे मला," सर म्हणाले. "'प्रभारी प्राचार्य यांच्या स्वाक्षरीच्या नमुन्याबाबत.' हा विषय कल्याणला कुणाला सुचणार नाही. हे माझे शब्द आहेत. गुरुवारी फक्त तुम्ही लिहून घेत होतात." मग जरा थांबून, "पत्र मात्र उत्तम झालं होतं."

तेवढ्यात तिकडे तिसरा गोल झाला. मी मान खाली घातली आणि रडले. सरांनी रुमाल दिला. कडक इस्त्रीचा होता, डोळ्यांना टोचला.

आम्ही सहा गोलांनी हरलो. रेश्माने सहा खाल्ले, पण अडवले किती त्याला गणती नाही. त्या दिवशी बॉल सतत तिच्याकडेच येत राहिला आणि ती चिखलात लोळून लोळून तो अडवत राहिली. निवड समितीने स्नेहलचं नाव लिहिलं आणि आमच्यातून रेश्माचं. रेश्मा माझ्याकडे धावत आली आणि मध्येच थांबली. मीच पुढे होऊन तिला मिठी मारली. आनंद खोटा नव्हता, पण पुरता खराही नव्हता, आणि ते तिला कळलं असावं.

सोमवारी सकाळी शिपाई वर्गात आला, सरांनी बोलावलंय म्हणून. स्टाफरूममध्ये सर एकटेच होते. टेबलावर एक लांब पाकीट, नीट कडेने कापलेलं. आत माझं मायग्रेशन सर्टिफिकेट. शनिवारी संध्याकाळच्या टपालाने ते कॉलेजात आलेलं होतं. सरांनी त्याच्या तीन झेरॉक्स काढून, प्रत्येकीवर शिक्का मारून ठेवल्या होत्या.

"आता तुम्ही पूर्ण पात्र आहात," ते म्हणाले. "आता तुम्हाला कुठल्याही टेबलावर कुणीही अडवू शकत नाही."

सीझन संपला होता, माझं शेवटचं वर्ष होतं, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी कागद घेतला. मला राग येत नव्हता, नुसतं पोकळ वाटत होतं. थँक्यू सर म्हणून मी दारापर्यंत गेले, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"कॅप्टन, एक विचारायचं राहिलं." सर उभे राहिले होते. चष्मा काढून हातात धरलेला. "तुम्ही खरंच चांगल्या खेळता का?"

मी दारात थांबले. या माणसाने मला कधीच खेळताना पाहिलं नव्हतं. इथे मॅच खेळताना तर कोणीच पाहिलं नव्हतं.

"हो सर," मी म्हणाले. "चांगली खेळते."

माझ्याकडे त्याचा काहीही पुरावा नव्हता. सरांनी तो मागितलाही नाही.